सव्वा महिना

२१ नोव्हेंबर, गुरुवार

ही वही दवाखान्यातल्या सिस्टरच्या सांगण्यावरून आणली. बाळाने दिवसातून किती वेळा दूध घेतलं, किती वेळा शू केली, ते लिहून ठेवा म्हणाली. मी तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात कारकुनी केलेली बाई. माझ्या हातात कोरी वही देणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत. पहिल्या पानांवर रेघा मारून रकाने पाडले, मागच्या पानांवर हे लिहितेय.

आज आभाला आणि बाळाला पनवेलला तिच्या घरी आणलं. मुलगी आहे, पावणेतीन किलो, जावळ भरपूर. आभा माझी एकुलती एक, तेहतीस वर्षांची. सिझेरियन झाल्यामुळे वाकून चालतेय. जावई निनाद तळोज्याला केमिकल कंपनीत शिफ्ट इंजिनिअर, त्याला रजा मिळाली तीनच दिवस. आमचे हे तिकडे चिंचवडला घरी एकटे. कुकरच्या किती शिट्ट्या करायच्या ते विचारायला दिवसातून चारदा फोन करतात.

आल्याबरोबर मी सांगून टाकलं, सव्वा महिना बाळंतिणीने कशाला हात लावायचा नाही. खायचं, झोपायचं, कान बांधून बसायचं. बाळाचं सगळं मी बघणार. माझ्या आईने माझं असंच केलं होतं. आभा म्हणाली, "तू आहेस म्हणून बरं आहे, आई. मला तर तिला धरायचं कसं तेच कळत नाही." आणि खरंच, मांडीवर असं धरलं होतं की कुणी शेजारणीने दोन मिनिटं सांभाळायला दिलंय. मी घेतलं. माझ्या खांद्यावर लगेच झोपलं.

२४ नोव्हेंबर, रविवार

आजपासून गुणाबाई यायला लागल्या. बाळ-बाळंतिणीला मालिश आणि न्हाऊ घालणाऱ्या. माहेर उरणजवळचं करंजा, लग्न होऊन पनवेलच्या कोळीवाड्यात आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. या भागातली निम्मी पोरं त्यांच्याच पायांवर न्हाली असावीत, बोलण्यावरून तरी तसंच वाटतं. हात मात्र सोन्याचे. पाय लांब करून बसल्या, बाळाला पायांवर घेतलं, आणि ते पाणी अंगावर पडताच गप्प.

आभा दारात उभी राहून बघत होती. गुणाबाई म्हणाल्या, "ये बाय, जरा पाणी घाल की पोरीच्या अंगावर. तुजा हात कलूं दे तिला." मी म्हटलं, अहो, टाके ओले आहेत तिचे, सव्वा महिना काही नको. आभा आत जाऊन झोपली. गुणाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि तांब्या स्वतःच उचलला.

२९ नोव्हेंबर, शुक्रवार

बारसं झालं. मोजून पंधरा माणसं. नाव अनुया ठेवलं. निनादच्या बहिणीने, अनुष्काने, कानात सांगितलं. छान नाव आहे. आभाला चार दिवस विचारत होते, तुझ्या मनात कोणतं आहे गं? म्हणाली, "तुम्हीच ठेवा, मला सगळीच आवडतात." लहानपणी मांजराच्या पिल्लाचं नाव ठरवताना हिने आठवडाभर घर डोक्यावर घेतलं होतं.

फोटोपुरती बाहेर आली, हसली, आत गेली. सगळे गेल्यावर मी विचारलं, बरं वाटलं का? म्हणाली, "हो. सगळ्यांचं छान झालं." सगळ्यांचं म्हणजे काय? थकली असेल.

३ डिसेंबर, मंगळवार

दूध कमी पडतंय. डॉक्टर म्हणाल्या होत्या, दर दोन तासांनी अंगावर घ्या, पाजत राहिलं की दूध वाढतं. पण दर दोन तासांनी त्या पोरीला उठवायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. चेहरा बघवत नाही, डोळ्यांखाली काळं झालंय. मग मी डब्याचं दूध करते आणि वाटी-चमच्याने पाजते. आभा झोपते, बाळ झोपतं, घर शांत. आज पाच वेळा मी पाजलं, दोनदा आभाने. अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, बाळंतशेपा, सगळं चालू आहे, तरी दूध का आटतंय देव जाणे.

आज सकाळी वारा तळोज्याकडून होता, वास सहन होईना. खिडक्या लावून घेतल्या आणि बाळाला धुरी दिली.

७ डिसेंबर, शनिवार

जे केलं ते चांगलं नाही केलं, पण लिहिते.

आभाचा लॅपटॉप उघडा होता. चहाचा कप ठेवायला गेले आणि नजर पडली. कसल्याशा आयांच्या ग्रुपवर लिहीत होती, नाव न घालता. मराठीत होतं, म्हणून वाचलं गेलं. लिहिलं होतं, "बाळ रडतं तेव्हा मला वाटतं, कुणीतरी हिच्या आईला बोलवा. मी एका चांगल्या घरात पाहुणी म्हणून आले आहे आणि सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागतात." खाली वीसेक बायकांनी उत्तरं दिली होती. मलाही असंच, मलाही असंच.

मला राग आला. असं कुणी लिहितं? घरातलं चव्हाट्यावर? काय कमी आहे हिला? नवरा शांत, घर स्वतःचं, आई हात जोडून उभी. आम्हाला कुठे होते असले ग्रुप?

ह्यांना फोन केला. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शशी, तुझ्या वेळचं आठवतं का तुला?" मी म्हटलं, माझ्या वेळी काय झालं होतं? आईने वाईला बाळंतपण केलं, तिसऱ्या महिन्यात मी नोकरीवर हजर झाले, आभा दोन वर्षांची होईपर्यंत आईकडे राहिली. तेव्हा सगळ्यांचीच मुलं अशी राहायची. हे म्हणाले, "रजा पाच महिन्यांची मंजूर झाली होती. तू तीन महिन्यांत परत आलीस." मग म्हणाले, कुकरची शिट्टी होतेय, ठेवतो.

ऑफिसात कामं पडली होती. म्हणून आले होते मी.

११ डिसेंबर, बुधवार

आजचे रकाने कोरेच राहिले.

आभा अकरा वाजता खाली जरा चालून येते म्हणून गेली. फोन घरीच. एक वाजला, दोन वाजले. निनाद पहिल्या पाळीला, फोन उचलेना. वॉचमनला विचारलं, तळ्याकडे बघून यायला सांगितलं. आणि इकडे बाळाने आकांत मांडला. दूध घेईना, खांद्यावर राहीना, पाळण्यात राहीना. दोन तास रडत होती. माझ्याकडे अशी कधीच रडली नाही. शेवटी आभाची ओढणी तोंडाजवळ आली तेव्हा हुंदके देत देत झोपली.

अडीचला आभा आली. काय केलं असेल? स्टँडवर जाऊन उरणच्या एसटीत बसली, उरणला उतरली, आणि त्याच गाडीने परत आली. "खिडकीजवळ बसायचं होतं," म्हणाली. सिझेरियनला महिना नाही झाला अजून! पण मी ओरडले नाही. चेहरा इतका कोरा होता की ओरडायची भीती वाटली.

चप्पल काढताना विचारलं, "रडली का गं ती?"

मी म्हटलं, छे, एकदाही नाही. तू अजिबात काळजी करू नकोस.

बरं वाटावं म्हणून बोलले. तर तिचा चेहरा असा उतरला, जणू मी काही हातातलं काढून घेतलं. जेवलीही नाही. मला काही कळेनासं झालंय. रडली म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं ना तिला?

१४ डिसेंबर, शनिवार

आज दुपारी आभा माझ्याजवळ येऊन बसली. बाळ माझ्या मांडीवर होतं. शांतपणे म्हणाली, "आई, सव्वा महिना झाला की तू चिंचवडला जाशील ना? तेव्हा हिला घेऊन जा."

मी म्हटलं, घेऊन जा म्हणजे? चार दिवस?

"तिथेच राहू दे. तुझ्याकडे ती खूश आहे. माझ्यावाचून तिचं काही अडत नाही, मी बघितलंय. मी शनिवार-रविवार येत जाईन."

या वहीत तरी खरं लिहायला हवं. मला आधी आनंद झाला. अगदी पहिल्या क्षणी, पोटातून. चिंचवडच्या घरात कुठे पाळणा लागेल, तेसुद्धा डोळ्यांसमोर आलं. दुधापेक्षा दुधावरची साय प्यारी असते म्हणतात, ते खोटं नाही. आणि मग लगेच कसंतरी झालं. का झालं ते सांगता येत नाही. चांगली गोष्ट आहे, आजी सांभाळणार, लांब परदेशी थोडीच चाललीय? मी नाही का आभाला आईकडे ठेवलं? काय वाईट झालं आभाचं?

निनादला संध्याकाळी सांगितलं. तो बूट न काढता सोफ्यावर बसला. "तिला काय होतंय, आई? मला काहीच कळत नाहीये. मी काही चुकलो का?" मलाच विचारतो म्हणजे कमाल झाली.

१५ डिसेंबर, रविवार

ह्यांना फोनवर सांगितलं, बाळाला घेऊन येतेय. वाटलं होतं, आनंद होईल. मग म्हणाले, "तू आणलंस तर मी नाही म्हणणार नाही. तेव्हाही म्हटलं नव्हतं." हे कसलं बोलणं? तेव्हा नाही म्हणायला हवं होतं असं म्हणायचंय का ह्यांना? मग स्पष्ट म्हणावं ना. चौतीस वर्षं कोड्यात बोलतायत.

१८ डिसेंबर, बुधवार

माझा अपमान झालाय.

सकाळी उरण नाक्यावर भाजीला गेले होते, गुणाबाई आहेत म्हणून निर्धास्त. परत आले तर न्हाणीत बाळ केकाटतंय. बघते तो टबाजवळ स्टुलावर आभा बसलेली, बाळ तिच्या हातात. सगळा गाऊन ओला, बाळ निसटू बघतंय. गुणाबाई भिंतीला टेकून उभ्या, मदत करायचं नाव नाही. मी पिशवी टाकून पुढे झाले, तर गुणाबाई आडव्या आल्या.

"ताय, तुमी जरा भायेर र्‍हावा."

मी म्हटलं, अहो, पडेल ते!

"नाय परत. मी हाय ना हितं. तुमी भायेर जा."

माझ्या लेकीच्या घरात, मला! मी बाहेर आले. पाच मिनिटांनी रडणं थांबलं. जाताना मी गुणाबाईंना स्पष्ट विचारलं, हे काय होतं? बाळ मी चिंचवडला नेणार आहे, तेही सांगितलं. त्यांनी पदराने हात पुसले आणि म्हणाल्या, "तुमी नेनार? मंग ही पोर आई कवा व्हनार?" नंतर सांगत बसल्या, त्यांचा पहिला मुलगा झाला तेव्हा त्या मासळीची टोपली घेऊन बाजारात जायच्या, सासू मोठ्या मायेने पोर सांभाळायची. "लय चांगली व्हती म्हातारी. पन पोरगा मना वलखंच ना. मंग एक दिवस मी टोपलीसंगं पोरालाबी उचललां. सासू चार दिस बोलली नाय. पन मंग बोलली." आणि वर म्हणाल्या, "बायला डाक्टरला दाखवा. तिजा डोला बरा नाय. मालिश करून ह्या जायाचं नाय."

मी गुणाबाईंचा हिशोब करून त्यांना रजा देणार होते. निनाद म्हणाला, "आई, त्या बरोबर बोलतायत. मी परवाची अपॉइंटमेंट घेतलीय." सगळे एका बाजूला आणि मी एका बाजूला, असं कधी झालं कळलंच नाही.

२० डिसेंबर, शुक्रवार

डॉक्टरांनी आभाला एकटीला बोलायला आत घेतलं. मी बाहेर बाळाला घेऊन. नंतर एक कागद दिला तिला, दहा प्रश्नांचा. गेल्या सात दिवसांत तुम्हाला काय वाटलं, त्यावर खुणा करायच्या. आभा खुणा करून आत गेली आणि बाकावर एक कोरा कागद उरला होता. मी वाचला.

गोष्टींची गंमत वाटत होती का? कारण नसताना स्वतःला दोष देत होता का? सगळं अंगावर येतंय असं वाटत होतं का? झोप येत नाही इतकं उदास वाटत होतं का?

मी सहज मनातल्या मनात उत्तरं दिली. आत्ताची नाही. वाईची, एक्क्याण्णव सालची. शेवटचा प्रश्न जिवाचं काही बरंवाईट करून घेण्याबद्दलचा होता, तो वाचला आणि कागद उलटा करून ठेवून दिला. त्याचं उत्तर मला अजून पाठ आहे हे मला माहीत नव्हतं.

डॉक्टर मला आणि निनादला म्हणाल्या, हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ बायकांना होतो, आणि बरा होतो. औषध दिलंय, दर आठवड्याला समुपदेशन करणाऱ्या एका ताईंशी बोलायला जायचंय, आणि तिला एकटं सोडायचं नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आजी, तुम्ही फार केलंत. आता घर तुम्ही बघा, तिची झोप बघा. बाळाचं तिला करू द्या. चुकलं तरी."

फार केलंत म्हणजे चांगलं की वाईट, विचारायचं राहिलं.

२३ डिसेंबर, सोमवार

दोन दिवस बघतेय. आभा लंगोट बांधते, सुटतो. दूध पाजते, बाळ तोंड फिरवतं, हिचे डोळे भरतात आणि ही माझ्याकडे बघते. मी भिंतीकडे बघते. हात नुसते शिवशिवतात. काल एकदा न राहवून घेतलंच, आणि आभा लगेच उठून आतल्या खोलीत गेली. किती पटकन गेली. या महिनाभरात अशी किती वेळा गेली असेल? मी तेव्हा म्हणायचे, विश्रांती घेतेय.

आज वाटलं, सांगून टाकावं. भाजी निवडता निवडता म्हटलं, आभा, तू त्या दिवशी उरणला गेलीस ना, तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले. अनुया दोन तास रडत होती.

तिने मान वर केली. "दोन तास?"

हो. माझ्याकडे राहीना. दूध घेईना. तुझ्या ओढणीला तोंड लावून झोपली.

"मग तू असं का सांगितलंस?"

तुला बरं वाटावं म्हणून.

आभा रडायला लागली. मोठ्याने, लहानपणी रडायची तशी. मला वाटलं, झालं, आता आणखी बिघडवून ठेवलं मी. पण मध्येच म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. ओढणी कोणती, तेही विचारलं. पोरगी रडली हे ऐकून आईला बरं वाटतं, हे माझ्या कोणत्याच हिशोबात बसत नाही. पण रात्रीचं जेवण तिने स्वतः वाढून घेतलं.

२८ डिसेंबर, शनिवार

सव्वा महिना पुरा झाला. निनादने उद्याचं माझं तिकीट काढलंय. एकच. त्याची आई रत्नागिरीहून येतेय महिनाभर, ती भजनात रमणारी बाई आहे, बाळाला फार हात लावणार नाही. ह्यांना फोनवर सांगितलं, मी एकटी येतेय. म्हणाले, "बरं केलंस." यावेळी कोडं नव्हतं.

आभा परवा म्हणाली, "आई, नेऊ नकोस तिला. मला अजून नीट काही वाटत नाही. पण नेऊ नकोस." मी म्हटलं, नाही नेत.

आत्ता सकाळचे साडेदहा. न्हाणीचं दार लोटलेलं आहे. आत आभा बाळाला न्हाऊ घालतेय. गुणाबाई मुद्दाम उशिरा येणार आहेत, मला ठाऊक आहे, त्यांनी आणि आभाने संगनमत केलंय. बाळ रडतंय. मी गॅलरीत खुर्ची घेऊन बसलेय आणि हे लिहितेय, कारण हात रिकामे राहिले तर मी उठेन. अजून रडतंय. पाणी गरम तर नसेल? कोपर बुडवून बघितलं असेल का? मी सांगितलंय तिला कोपर बुडवायचं. दोनदा सांगितलंय. आता जोरात रडतंय. मी उठणार नाही. आभा काहीतरी बोलतेय, शब्द कळत नाहीत. माझ्या आईनेसुद्धा एकदा असं बाहेर बसायला हवं होतं. मी काही बोलले नाही, ती काही बसली नाही. तिचं तरी काय चुकलं, तिने माझ्यावर माया केली. मीही तेच केलं.

(पाऊण तासाने.)

आभा बाहेर आली. बाळ पंच्यात कसंबसं गुंडाळलेलं, एक पाय बाहेर. ही नखशिखांत भिजलेली. माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि म्हणाली, "नाही जमलं नीट. कानात पाणी गेलं बहुतेक."

मी म्हटलं, मलाही जमलं नव्हतं.

"कधी?"

तुझ्या वेळी. आईनेच सगळं केलं. मला वाटायचं, मी नसले तरी चालेल. म्हणून तुला वाईला ठेवून कामावर गेले. रजा शिल्लक होती.

हे मी कुणाला बोलले नव्हते. बोलल्यावर हलकं वगैरे वाटलं नाही, उलट भीती वाटली की आता ही काय म्हणेल. आभाने बाळाचा पाय पंच्यात घेतला, परत नीट गुंडाळलं, आणि विचारलं, "मग मला घरी आणलंस तेव्हा?"

तू आजीलाच आई म्हणायचीस. आम्ही तुला घेऊन आलो. दारातून आत आल्यावर तू घरभर हिंडून आलीस आणि माझा पदर ओढून विचारलंस, काकू, माझी आई कधी येणार?

"मग तू काय म्हणालीस?"

काय म्हणणार? म्हटलं, येईल हं, संध्याकाळपर्यंत येईल.